वाचक विचारतात : कौन्सिल आहे, पण आमचं मत कुठंय?

कॉलेजं सुरू झाली, कौन्सिलचे फॉर्म निघाले, इंटरव्ह्यू झाले की दरवर्षी आमच्याकडे ह्या विषयावर पत्रं यायला लागतात. यंदा इतकी आली की अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी आपल्या कॉलेजबद्दल लिहिलंय आणि त्यांना अजून तिथेच शिकायचंय. पत्रं थोडी लहान केलीत, प्रश्न मात्र जसेच्या तसे आहेत.

प्रश्न : मी एसवाय बीएमएसला आहे. यंदा स्टुडंट्स कौन्सिलचा फॉर्म भरला, प्रोफेसरांनी इंटरव्ह्यू घेतला आणि माझं सिलेक्शन झालं, कल्चरल सेक्रेटरी म्हणून. घरी सगळे खूश. पण वर्गातली एक मुलगी म्हणाली, तुला निवडलं कोणी, आम्ही तर मत दिलंच नाही, आणि मला उत्तरच सुचलं नाही. आमच्या कौन्सिलचं काम म्हणजे फेस्ट, स्पॉन्सरशिप, ट्रॅडिशनल डे, पाहुण्यांचं स्वागत. फी किंवा लेट रिझल्टबद्दल आम्हाला कोणी विचारत नाही. मुंबईत कॉलेजच्या निवडणुका होतच नाहीत का? बाबा म्हणतात पूर्वी व्हायच्या.
— विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो ऐकून तू चिडली नाहीस, आम्हाला लिहिलंस, हे मला खूप आवडलं.

बाबा सांगतात तेही खरं. पूर्वी मुंबईतल्या कॉलेजांत थेट निवडणुका व्हायच्या, जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, कोण होणार ह्यावरून कॅन्टीनमध्ये तावातावाने बोलणं चालायचं, आणि हेही खरं की त्यात पुढे पुढे पैसा शिरला, बाहेरची पोरं शिरली, मारामाऱ्या झाल्या. 1989 मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. त्यानंतर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थेट निवडणुका बंद झाल्या आणि 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने नवीन पद्धत आणली. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षी मार्कांत पुढे असलेला विद्यार्थी प्रतिनिधी व्हायचा, खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक ह्यातून प्रिन्सिपलनी नेमलेले, दोन मुली नेमलेल्या, आणि विद्यार्थी परिषदेचे, म्हणजे कौन्सिलचे, अध्यक्ष स्वतः प्रिन्सिपल. मग हे आत बसलेले आपल्यातून एक सेक्रेटरी निवडायचे. बाकी कॉलेजने फक्त नोटीस बोर्डावर नावं वाचायची.

आता हे बघ. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणणारी 61 वी घटनादुरुस्ती लागू झाली तीही 1989 मध्येच. म्हणजे देशाचं सरकार निवडायला अठरा वर्षांची मुलं चालतील असं देशाने ठरवलं आणि थोड्याच वर्षांत आपल्या राज्यात त्याच मुलांना स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधीसुद्धा निवडता येईना. खून झाला ही भयंकर गोष्ट होती, त्यात कुणाचं तरी पोर गेलं, त्याबद्दल गुन्हेगारांना पकडायचं, शिक्षा करायची, कॅम्पसवर बंदोबस्त ठेवायचा. पण पुढच्या कितीतरी बॅचेसच्या मुलांचं मत काढून घेणं हा त्यावरचा उपाय मला कधीच पटलेला नाही आणि आजही पटत नाही.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह ह्यांच्या समितीने 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांवर अहवाल दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या शिफारशी लागू करायला सांगितलं. त्यात काय म्हटलंय हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. वातावरण अगदीच वाईट असेल तर काही काळ नेमणुकीची पद्धत चालेल, पण ती नुसत्या मार्कांवर नको, आणि पाच वर्षांत सगळ्या संस्थांनी निवडणुकीकडे यायचं. पाच वर्षं म्हटली होती, आणि तो अहवाल येऊन किती वर्षं झाली ते तूच मोज.

महाराष्ट्रात 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, निदान कागदावर. मार्च 2017 पासून हा कायदा लागू आहे. त्यात वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि आरक्षित प्रवर्गातला एक प्रतिनिधी, हे सगळे विद्यार्थ्यांच्या मतांनी यायचेत. 2019 मध्ये वेळापत्रकही आलं होतं, मुलं तयारीला लागली होती, मग विधानसभा निवडणूक तोंडावर आहे म्हणून ते पुढे गेलं, नंतर कोविड आला, आणि तिथपासून गाडी अडलेलीच आहे. म्हणून तुमच्या कॉलेजात इंटरव्ह्यू चालतात.

तू काय करू शकतेस ते सांगते. राजीनामा वगैरे द्यायची गरज नाही. सगळ्यात आधी प्रत्येक वर्गात जाऊन सांग की मला मतांनी निवडलेलं नाही, तरी मी इथे बसलेय तर तुमचं म्हणणं आत नेणार आणि आत काय झालं ते परत येऊन सांगणार. मग ते खरंच कर, एकदा नाही, दर महिन्याला. दुसरं, फेस्टचा हिशोब. स्पॉन्सर कोण, पैसे किती आले, स्टेजला किती गेले, सेलिब्रिटीला किती गेले, उरले किती आणि कुठे आहेत, हे एका कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लाव, फोटो काढून ग्रुपवर टाक. कल्चरल सेक्रेटरीच्या हातात ही गोष्ट असते, आणि विद्यार्थ्यांच्या नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशोब विद्यार्थ्यांना दिसणं ह्याच्याइतकी लोकशाहीची दुसरी चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

आणि तिसरं म्हणजे कॉलेज विकास समिती, जिला सगळे सीडीसी म्हणतात. ह्याच 2016 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात ती असायला हवी, वर्षातून किमान चार वेळा बसायला हवी, कॉलेजचं बजेट, सोयीसुविधा हे सगळं तिच्यासमोर येतं, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. तुमच्या कौन्सिलच्या प्रेसिडेंटला विचार की सीडीसीच्या मीटिंगची नोटीस तुला शेवटची कधी आली. आलीच नसेल तर प्रिन्सिपलना लेखी विचारा, नम्रपणे, पण लेखी, आणि इनवर्डचा शिक्का घेऊन. फीबद्दल आम्हाला कोणी विचारत नाही असं तू लिहिलंस, तर विचारायची जागा ही आहे.

प्रश्न : मला सरांनी सीआर (वर्गप्रतिनिधी) केलंय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही पोल टाकला तर सत्तरेक जणांत सात-आठ लोक मत देतात. लायब्ररी रविवारी उघडी हवी का, असा पोल टाकला तरी तेच. मीटिंग बोलावली तर माझे चार मित्र येतात. मग मी माझ्याच मनाने ठरवतो आणि सांगतो वर्गाचं असं म्हणणं आहे. मुलांना खरंच इंटरेस्ट नसेल तर लोकशाही कशाला?
— टीवाय बीकॉम, भांडुप

उत्तर : मुलांना इंटरेस्ट नाही हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय, स्टाफरूममध्ये तर रोज, आणि ते मी मानत नाही. हॉल तिकिटावर नाव चुकलं की हीच मुलं दोन तास रांगेत उभी राहतात, एटीकेटीचा फॉर्म भरायची लिंक उघडत नाही म्हटल्यावर रात्री बारापर्यंत तोच ग्रुप वाजत असतो. इंटरेस्ट आहे. विश्वास नाहीये की माझ्या बोलण्याने काही हलेल. मागच्या पोलचं काय झालं, तू कुणाला सांगितलंस का? लायब्ररीचा पोल टाकलास, सात लोकांनी मत दिलं, मग तू सरांकडे गेलास का, सर काय म्हणाले, नाही म्हणाले तर का नाही म्हणाले, हे परत ग्रुपवर आलं का? नसेल आलं तर पुढच्या वेळी ते सात जण सुद्धा राहणार नाहीत, आणि दोष त्यांचा नसेल.

मी तुझ्या जागी असते तर पोल काही दिवस बंदच ठेवले असते. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, ग्रुपमध्ये एखादे सर किंवा मॅडम असले तर विचारायलाच नको, अशा ठिकाणी मुलगी काय, मुलगा काय, खरं मत कसं देणार. त्याऐवजी एखाद्या सरांकडून त्यांच्या लेक्चरची शेवटची पंधरा मिनिटं मागून घे. लेक्चर संपल्यावर मीटिंग ठेवलीस तर चार मित्रच येणार, बाकीच्यांना लोकल पकडायची असते, क्लास असतो, पार्टटाइम जॉब असतो. पंधरा मिनिटं, सगळे बसलेले असताना, आणि विषय एकच. दोन विषय घेतलेस की एकही होणार नाही.

विषय असा घे की ज्यावर तुमच्या कॉलेजातच निर्णय होऊ शकतो. सेमिस्टरचं टाइमटेबल किंवा पेपर तपासणीला लागणारा वेळ हे युनिव्हर्सिटीचं काम, ते तुझ्या सरांच्या हातात नाही, त्यावर वर्गाला पेटवलंस तर महिन्याभरात सगळे निराश होतील. पण तीन मजल्यांवर मिळून मुलींचं एकच टॉयलेट चालू आहे, पिण्याच्या पाण्याचा कूलर बंद आहे, अटेंडन्सची डिफॉल्टर लिस्ट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लागते तीच महिन्याच्या महिन्याला लागावी, ह्या गोष्टी कॉलेज करू शकतं. त्यातली एक धरा. मागच्या बाकावरच्यांना आधी बोलू दे, कारण पुढचे नेहमीच बोलतात. मतं घ्यायची वेळ आली तर चिठ्ठ्या वाट, दोन जणांना मोजायला बसव, त्यातला एक असा घे जो तुझा मित्र नाही.

मग वहीत लिही. तारीख, किती जण होते, काय ठरलं, विरोधात कोण काय बोललं. हो, विरोधातलंही लिहायचं, आणि वर जाऊन सांगतानाही सांगायचं की वर्गात पंधरा जणांचं मत वेगळं होतं. वर्गाचं असं म्हणणं आहे हे वाक्य तू आत्तापर्यंत स्वतःच्या मनाने वापरलंस, ते आता थांबव, कारण एकदा सरांच्या लक्षात आलं की सीआर स्वतःचंच सांगतोय तर खरं सांगशील तेव्हाही ऐकणार नाहीत. वहीतलं पान दाखवून सत्तर जणांचं सांगणारा सीआर वेगळा असतो, त्याला टाळणं अवघड जातं.

सरांनी नेमलंय ह्याचंही एक कर. पहिल्याच मीटिंगला वर्गाला विचार, मी चालतो का, दुसरं कोणी उभं राहणार का, आणि चिठ्ठीने मत घे. हरलास तर बाजूला हो. जिंकलास तर पुढचं वर्षभर तुझ्या शब्दाला जे वजन येईल ते नेमणुकीच्या कागदाने कधीच येणार नाही. सरांना आधी सांगून ठेव म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही, बहुतेक सर हो म्हणतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी दिवसा कुरिअरच्या ऑफिसात काम करतो आणि नाईट कॉलेजला आहे. आमच्याकडे कौन्सिल दिवसाच्या कॉलेजचंच. मीटिंग दुपारी, नोटीस इंग्लिशमध्ये, फेस्ट दुपारी. आम्ही पण फी भरतो. आम्ही विद्यार्थी नाही का?
— प्रतीक्षानगर, सायन

उत्तर : आहात, आणि पूर्ण आहात. तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण गिरणी कामगारांच्या, हमालांच्या, ऑफिसात शिपाई असलेल्या पोरांनी रात्री शिकून डिग्री घ्यायची ही ह्या शहराची जुनी रीत आहे, आणि त्यांनाच आज नोटीस कळत नाही ही चांगली गोष्ट नाही.

तुमच्या सेशनचे सगळे सीआर मिळून एक अर्ज करा. त्यात मागायचं एवढंच, की कौन्सिलवर नाईट सेशनची जागा ठरलेली असावी, महिन्यातली एक मीटिंग संध्याकाळी तुमचं पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आधी व्हावी, आणि नोटीस मराठीतही लागावी. हिंदीतही लावा म्हणा, तुमच्या वर्गात यूपी-बिहारची मुलं असतीलच. अर्जावर सह्या घ्यायला सोपं जावं म्हणून तो एका पानाच्या वर नेऊ नका. दिवसाच्या कौन्सिलमधल्या मुलांशी भांडण नको, त्यांच्यातल्या एखाद्याला तुमच्या वर्गात रात्री बोलवा, अर्धा तास बसू द्या. कामावरून थेट आलेली, डबा न खाता लेक्चरला बसलेली मुलं एकदा बघितली की तो तुमच्यासाठी बोलेल.

प्रश्न : आमचा मुलगा दिल्लीला जेएनयूमध्ये एमए करतोय. फोनवर म्हणाला की स्कूलचा, म्हणजे त्याच्या विभागाचा, कौन्सिलर म्हणून उभा राहतोय. आमच्या घरात कोणी राजकारणात नाही. टीव्हीवर तिथलं काय काय दाखवतात, मला रात्री झोप लागत नाही. ह्यांचं म्हणणं पैसे पाठवणं बंद करू म्हणजे वठणीवर येईल. काय करू?
— गृहिणी, गिरगाव

उत्तर : ताई, पैसे बंद करू नका, ते आधी सांगते. मेसचं बिल भरायला उधारी करावी लागली म्हणून कुणी निवडणूक सोडत नाही, फक्त घरी फोन करणं सोडतं.

टीव्हीवर तिथली भांडणं दिसतात, ती होतातही, मी ती लपवणार नाही, हाणामारीचे प्रकार झालेत. पण तिथली निवडणूक रोजची कशी चालते तेही तुम्हाला माहीत असावं. निवडणूक घेणारं इलेक्शन कमिशन विद्यार्थ्यांचंच असतं. रात्रीच्या जेवणानंतर हॉस्टेलच्या मेसमध्ये उमेदवार येऊन बोलतात आणि मुलं त्यांना तोंडावर प्रश्न विचारतात. अध्यक्षपदाच्या उमेदवारांचं जाहीर वादसत्र होतं, रात्री उशिरापर्यंत, शेकडो मुलं ऐकायला बसतात. पोस्टर छापील चालत नाहीत, हाताने काढलेलेच लागतात. आणि जनरल बॉडी मीटिंग, तिथे जीबीएम म्हणतात, त्यात निवडून आलेल्यांना साध्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. मुंबईत राहून मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो ह्या जीबीएमचा.

तुमच्या मुलाला बांधणारे नियमही आहेत, तेच मघाशी सांगितलेले लिंगडोह समितीचे. एका उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त पाच हजार, 75 टक्के हजेरी पाहिजे, विषय राहिलेले नकोत, वयाची अट, गुन्हा सिद्ध झालेला नको, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा. म्हणजे अभ्यास सोडून निवडणूक लढवताच येत नाही. ह्याच शिफारशींच्या वादातून 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने जेएनयूची निवडणूक थांबवली होती आणि ती परत झाली 2012 मध्ये, पुढे कोविडमुळे 2019 नंतर थेट मार्च 2024 मध्ये झाली. मधल्या ह्या वर्षांत ज्या मुलांनी तिथे शिक्षण घेतलं त्यांना ही संधी मिळालीच नाही, तुमच्या मुलाला मिळतेय.

त्याला फोन करा आणि राजकारण सोड असं न म्हणता तीन गोष्टी विचारा. तू कोणाकडून उभा आहेस आणि त्यांचे पैसे कुठून येतात. निवडून आलास तर कोणतं काम करणार. आणि हरलास तर दुसऱ्या दिवशी लेक्चरला बसणार ना. ह्या प्रश्नांना त्याच्याकडे नीट उत्तरं असतील तर तुम्हाला झोप लागेल. नसतील तर त्यालाही कळेल की आपली तयारी कमी आहे. ह्यांना पण फोनवर घ्या, बापाने शांतपणे विचारलेला प्रश्न मुलं विसरत नाहीत.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला मास्टर्ससाठी गेलीय. तिला युनियनचे ईमेल येतात, मत द्या म्हणून. ती म्हणते मी तर एका वर्षाची पाहुणी, आणि ही युनियनवाली मुलं पगारी असतात, म्हणजे युनिव्हर्सिटीचीच माणसं. खरं आहे का? तिने मत द्यावं का?
— मुलुंड

उत्तर : द्यावं, नक्की द्यावं. पगार मिळतो हे खरं, पण अर्थ तिने लावलाय तो नाही. तिथे निवडून आलेले मुख्य पदाधिकारी एक वर्ष अभ्यासातून रजा घेऊन किंवा डिग्री झाल्यावर पूर्णवेळ हेच काम करतात, त्यांना सबॅटिकल ऑफिसर म्हणतात, म्हणून पगार. पगार नसता तर ज्याच्या बापाकडे पैसा तोच वर्षभर बिनपगारी बसू शकला असता, हे मला फार पटतं. आणि 1994 च्या तिथल्या एज्युकेशन ॲक्टप्रमाणे ही मोठी पदं गुप्त मतदानानेच भरायची, सगळ्या सदस्यांना मत, आणि पगारी पदावर एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त कुणी राहायचं नाही. ज्याला युनियनचं सदस्य व्हायचं नाही त्याला बाहेर राहायचाही हक्क आहे. वर्ष 1994, म्हणजे आपल्याकडे मार्कांवरून प्रतिनिधी नेमायचा कायदा आला तेच.

बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेवर नावांच्या खाली आणखी एक पर्याय असतो, परत अर्ज मागवा असा. एकच उमेदवार उभा असला तरी मुलं तो पर्याय निवडून त्याला नाकारू शकतात. बिनविरोध आला की पेढे वाटायची सवय असलेल्या आपल्याला हे शिकण्यासारखं आहे.

मतदान तिथेही कमीच होतं. पण एका वर्षाचा कोर्स, महागडी फी, घरभाडं, पार्टटाइम कामाचे तास हे प्रश्न तुमच्या मुलीचेच आहेत, ते दुसरा कोण मांडणार. तिला उभंही राहता येतं. व्हिसाच्या नियमात ह्या पदासाठी सोय आहे, पण काही करायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसात लेखी विचारून घ्यायला सांगा.

प्रश्न : मी मुंबई युनिव्हर्सिटीचा ग्रॅज्युएट, आता बँकेत आहे. सिनेटची निवडणूक ऐकतो, मला मत आहे का आणि त्याचा आताच्या मुलांना उपयोग काय?
— बोरिवली

उत्तर : सिनेट म्हणजे युनिव्हर्सिटीची मोठी सभा. डिग्री आहे म्हणून तिच्या निवडणुकीत आपोआप मत नाही, नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव घालावं लागतं. नोंदणी सुरू झाली की युनिव्हर्सिटी नोटीस काढते, वेबसाइटवर लक्ष ठेवा. पदवीधरांच्या दहा जागा असतात, त्यातल्या पाच राखीव, आणि मत पसंतीक्रमाने द्यायचं असतं. मागची निवडणूक 2023 मध्ये व्हायची ती थांबवली गेली, पुन्हा लांबली, शेवटी हायकोर्टाच्या आदेशानंतर 24 सप्टेंबर 2024 ला मतदान झालं आणि दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. सगळ्या जागा एकाच संघटनेकडे जाणं मला कधीच बरं वाटत नाही, मग ती कोणतीही असो. तुम्ही कुणालाही मत द्या पण नाव नोंदवा, कारण लाखो ग्रॅज्युएट असलेल्या युनिव्हर्सिटीत ही यादी फारच छोटी असते.

उपयोग असा की बजेट सिनेटसमोर येतं, रिझल्ट, परीक्षा, हॉस्टेल ह्यावर तिथे प्रश्न विचारता येतात. युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवाचीही सिनेटवर जागा आहे, पण परिषदच निवडली गेली नाही तर त्या खुर्च्यांवर बसणार कोण? म्हणून सध्या विद्यार्थ्यांसाठी बोलायचं ते तुमच्यासारख्यांनी पाठवलेल्या सदस्यांनी. पदवीधरांनी निवडलेले ते दहा जण कोण आहेत ते शोधा आणि सिनेटच्या मीटिंगआधी त्यांना ईमेल करा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी इंटर्नल कमिटी आहे. त्यावर तीन विद्यार्थी आहेत, तिघंही एका मॅडमच्या मर्जीतले, कधी निवडले कुणालाच माहीत नाही. माझ्या मैत्रिणीला तक्रार करायचीय पण ती म्हणते ह्यांच्यासमोर नाही बोलणार. काही करता येईल का?
— नाव, गाव नको

उत्तर : येईल. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे ह्या विषयावरचे रेग्युलेशन्स आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा कमिटीवर तीन विद्यार्थी असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. निवडलेले म्हटलंय, कुणी नेमलेले नाही. राज्याच्या निवडणुका अडल्यात ह्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, ही निवड कॉलेज उद्या घेऊ शकतं.

पण आधी मैत्रीण. कायद्यात तक्रारीला मुदत आहे, घटनेपासून तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन वाढवून मिळू शकतात. म्हणून निवडणुकीची वाट बघत थांबू नका. तिने लेखी तक्रार द्यावी, अध्यक्ष मॅडमच्या हातात द्यावी, पोच घ्यावी, आणि त्यातच लिहावं की अमुक सदस्यासमोर मला मोकळेपणाने बोलता येणार नाही, त्यांना ह्या प्रकरणात बसवू नये. कमिटीवर बाहेरची एक सदस्य असते, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची किंवा ह्या विषयाची जाणकार, तिचं नाव, फोन कॉलेजने लावलेलं असायला हवं, तिच्याशी आधी बोलता येईल. पोलिसांकडे जायचा हक्क तिला ह्याच्यासोबतही आहे, कॉलेजची कमिटी आहे म्हणून तो जात नाही.

निवडीचा मुद्दा तुम्ही बाकीच्यांनी वेगळा उचला, म्हणजे तिच्यावर बोट जाणार नाही. प्रिन्सिपलना अर्ज द्या, कमिटीवरच्या विद्यार्थी सदस्यांची निवड कोणत्या तारखेला आणि कशी झाली ते विचारा. उत्तर आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. युजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पुढे युनिव्हर्सिटीने नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं. अर्जावर एका मुलीची सही नको, जितक्या वर्गांतून मिळतील तितक्या घ्या, मुलांच्याही घ्या. कॉपी आम्हाला पाठवलीत तर नाव न छापता पुढच्या अंकात काय झालं ते लिहू.